तालाला तासात जागा द्या : मुख्याध्यापक आणि शारीरिक शिक्षण शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
सर्व शाळांचे मुख्याध्यापक, वेळापत्रक लावणारे पर्यवेक्षक आणि शारीरिक शिक्षण शिकवणारे माझे सहकारी,

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाचं वेळापत्रक लावायला बसाल, त्याआधी एक मागणी तुमच्यापुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक तासातली दहा-बारा मिनिटं तालबद्ध हालचालींसाठी राखून ठेवा. अगदी लहान वर्गांपासून शेवटच्या वर्गापर्यंत, वर्षभर, पटावरच्या प्रत्येक मुलासाठी. आणि हे बघायला कुणी पाहुणे येणार नाहीत, असं धरून.

अभ्यासक्रमात हा घटक नाही असं नाही. तालबद्ध हालचाली, संगीतावर कवायत, साधनांसह व्यायामप्रकार अशा नावांनी तो बहुतेक ठिकाणी छापलेला असतो. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो. बालवर्गात बडबडगीतांवर हातवारे होतात. मग मधली सगळी वर्षं तास म्हणजे हातपाय मोकळे करणं, मैदानाला दोन फेऱ्या आणि एक चेंडू. वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला की कपाटातला स्पीकर बाहेर निघतो, गाणं ठरतं, महिनाभर तालीम चालते आणि नोंदवहीत त्या घटकासमोर ‘पूर्ण’ असा शेरा पडतो.

त्या महिन्यात शिकतं कोण? तालमीच्या पहिल्याच दिवशी निवड होते. ज्यांना आधीच जमतं ती मुलं पुढच्या रांगेत, बरी जमणारी मागे, आणि ज्यांचं पाऊल चुकतं त्यांना ‘तुम्ही बसून बघा’ किंवा ‘तुम्ही खुर्च्या लावायला मदत करा’. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सराव येत नाही. गणितात ज्याला भागाकार जमत नाही त्याला आपण दोन उदाहरणं जास्त देतो. वाचताना अडखळणाऱ्याला जवळ बसवून वाचून घेतो. तालाच्या बाबतीत मात्र ‘याच्या अंगात तालच नाही’ असं त्या मुलासमोर सहज बोललं जातं. पुढची कित्येक वर्षं ते मूल हे वाक्य बरोबर घेऊन फिरतं. मोठेपणी कुठल्याही समूहात टाळ्या वाजवायची वेळ आली तरी अंग चोरणारी माणसं आपण पाहतो. त्यातल्या बऱ्याच जणांना हे कुणीतरी शाळेतच ऐकवलेलं असतं.

अंगात तालच नाही, असं मूल फार फार विरळा. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युत लहरींमध्ये त्या गाळलेल्या ठोक्याची दखल स्पष्ट दिसली. ठोका कुठे यायला हवा याची अपेक्षा जन्मतःच असते. ती अपेक्षा पायापर्यंत, हातापर्यंत, पूर्ण शरीरापर्यंत पोहोचवणं हे शिकण्याचं काम आहे आणि त्याला वर्षं लागतात. ते काम आपलं.

इथे आपल्या शिकवण्यातल्या एका सवयीबद्दल थांबून लिहावंसं वाटतं. लहान मुलांना सोपं जावं म्हणून आपण ठेका संथ धरतो. हे उलट आहे. मोठ्या माणसाला ‘तुला सोयीच्या गतीने टेबलावर बोट वाजव’ असं सांगितलं, तर दोन ठोक्यांमध्ये साधारण ०.६ सेकंदाचं अंतर पडतं. चार-पाच वर्षांच्या मुलांची सहज गती यापेक्षा बरीच जलद असते, आणि आपली गती कमी करून बाहेरच्या संथ ठेक्याशी जुळवणं त्यांना जड जातं. संथ ठेक्यावर मूल पुढे पळतं. आपल्याला वाटतं ते ऐकत नाही. ते ऐकत असतं, पण दोन ठोक्यांमधली मोकळी जागा धरून ठेवणं त्याला अजून जमलेलं नसतं. त्याच मुलाबरोबर ठेका थोडा जलद करून बघा, पाऊल बसेल. मग आठवड्या-आठवड्याने ठेका हळू करत न्या. पायांची लांबी हाही मुद्दा आहेच. सहा वर्षांच्या मुलाने शिक्षकाच्या पावलांच्या गतीने चालायचं म्हटलं तर त्याला प्रत्येक पाऊल ताणावं लागतं, आणि ताणलेल्या पावलात ताल टिकत नाही.

म्हणून पहिल्या तासाला ठेका मुलांकडून घ्यावा. मी करते ते असं: सगळ्यांना मोकळ्या जागेत हवं तसं चालायला सांगते. एकमेकांना धक्का लावायचा नाही, बोलायचं नाही, एवढीच अट. मिनिटभर कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नाही. मग एका मुलाच्या पावलांवर मी ढोल वाजवायला लागते, त्याला न सांगता. आजूबाजूची दोन-चार मुलं ओळखतात की हा ठोका त्याच्या पायातून येतो आहे, आणि हसायला लागतात. ठोका तोच ठेवला की हळूहळू सगळा वर्ग त्याच्या पावलात येतो. मग दुसरं मूल निवडते. ढोल थांबला की जागच्या जागी पुतळा. ढोल दुप्पट झाला की पाऊल दुप्पट, निम्मा झाला की निम्मं. पंधरवडाभर यापलीकडे काही करायची गरज नसते, आणि ज्याला आपण ‘ताल नाही’ म्हणणार होतो त्याच्याही पावलांवर एकदा वर्ग चाललेला असतो.

एमिल जॅक-डॅलक्रोझ यांचं नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रशिक्षणात ऐकलं असेल. १८९२ पासून ते जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवत होते. त्यांच्या वर्गातली मुलं वाद्यावर बोटं सफाईने चालवत, पण ताल यांत्रिक असे, सुटतही असे. तीच मुलं रस्त्याने चालताना मात्र पाऊल एकसारखं टाकत. त्यांनी विद्यार्थ्यांना बाकावरून उठवलं आणि स्वर-ताल चालून, झुलून, टाळ्यांनी शिकवायला सुरुवात केली. १९१५ मध्ये जिनिव्हात त्यांची संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. संगीत शिकवणाऱ्या माणसाला त्यासाठी शरीराकडे यावं लागलं. आपल्या हातात तर शरीरच आहे, आणि तरी ताल आपण गॅदरिंगवर सोपवून मोकळे होतो.

सहकाऱ्यांपैकी अनेकांना वाटतं की हे नाचाचं काम, खेळाडू घडवणाऱ्याचं नव्हे. तुम्ही अडथळ्यांची शर्यत शिकवता ना? एडविन मोझेस यांनी ४०० मीटर अडथळा शर्यतीत १९७६ आणि १९८४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. दोन अडथळ्यांमधलं अंतर ३५ मीटर. बहुतेक धावपटूंच्या पावलांची संख्या दमल्यावर वाढत जाई. मोझेस प्रत्येक दोन अडथळ्यांमध्ये १३ पावलं, अगदी शेवटच्या अडथळ्यापर्यंत धरून ठेवत. १९७७ ते १९८७ या काळात ते सलग १२२ शर्यती हरले नाहीत. त्यांच्या ताकदीबद्दल शंका नाही, पण तेरा पावलांचा हा हिशेब धावता धावता शरीराने ठेवायचा असतो. तिहेरी उडीत अनुभवी प्रशिक्षक कधी कधी पाठ फिरवून उभा राहतो आणि पावलं नुसती ऐकतो. पहिला टप्पा फार लांब गेला की दुसरा आखडतो, आणि डोळ्यांना कळायच्या आधी ते कानाला कळतं. लांब उडीची धाव, गोलंदाजाचा रनअप, बास्केटबॉलच्या ले-अपमधली (धावत जाऊन जवळून चेंडू टाकतानाची) दोन पावलं, पोहण्यात हात आणि श्वासाचा मेळ, हे सगळं तालावर उभं आहे. बाराव्या वर्षी रनअप बसत नाही म्हणून आपण चुन्याच्या खुणा मारतो. सहाव्या-सातव्या वर्षी ताल पक्का झाला असता तर यातला निम्मा त्रास वाचला असता.

एक साधी हालचाल घ्या: पाऊल टाकायचं, त्याच पायावर छोटी उडी मारायची, मग दुसरा पाय. मुलं आनंदात असली की आपोआप असं उड्या मारत जातात. चालणं आणि धावणं यांचा ठेका समान असतो. या उडत्या चालीचा ठेका असमान आहे, एक लांब आणि एक छोटा. बहुतेक मुलांना ती सहा-सात वर्षांच्या सुमाराला जमते, पण अनेकांची एकाच बाजूला जमते. दुसरा पाय नुसता पाऊल टाकतो आणि उडी गाळतो. ‘उजवा पाय, उडी, डावा पाय, उडी’ असं सांगत बसलं की ते मूल आणखी गोंधळतं, कारण डोक्यात चार सूचना आणि खाली दोन पाय. त्याऐवजी तोंडाने ‘टाऽक-ट, टाऽक-ट’ असं म्हणा आणि त्याला तुमच्याबरोबर म्हणायला लावा, आधी उभ्या उभ्या टाळीवर, मग चालत. लांब आणि छोटा हा फरक तोंडात बसला की पायात उतरायला फार वेळ लागत नाही.

मोठ्या दोरीचंही तसंच. दोघं दोरी फिरवतात, तिसऱ्याने आत शिरायचं. दोरीच्या कडेला उभं राहिलेलं मूल तुम्ही रोज पाहता. खांदे पुढे-मागे होतात, एक हात पुढे येतो, ‘आता... आता... नाही’ असं करत दोरी दहा वेळा फिरून जाते आणि मागची रांग ओरडायला लागते. ते मूल दोरीकडे बघत असतं, आणि फिरती दोरी डोळ्यांनी पकडणं खरोखर अवघड आहे. त्याला रांगेतून बाजूला घ्या, दोरीकडे पाठ करून उभं करा आणि जमिनीवर दोरी आपटल्याचा आवाज येईल तेव्हा ‘आता’ म्हणायला सांगा. सात-आठ वेळा बरोबर म्हटलं की वळवा. ‘आता’ म्हटल्या क्षणी धाव. दोरी आपटून पुढे निघालेली असते, आत जायला जागा आपोआप मिळते. आत शिरल्यावरचा त्या मुलाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी या पत्रातून आणखी काही पटवून द्यायची गरज नाही.

आता मैदानावरच्या सामूहिक कवायतीबद्दल, कारण तिथे मुलांवर एक अन्याय होतो आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. स्पीकर मंचावर असतो आणि शेवटची रांग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या मुलापर्यंत ठोका पोहोचायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल तर दोन ठोक्यांतलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे त्या मुलाला प्रत्येक ठोका जवळजवळ एक तृतीयांश उशिरा मिळतो. त्याने ऐकल्याबरोबर अचूक टाळी दिली तरी तिचा आवाज परत मंचाकडे यायला तेवढाच वेळ लागणार. मंचावरच्या शिक्षकाला ती टाळी ०.३ सेकंद मागे ऐकू येते, अर्ध्या ठोक्याहून जास्त. माइकवरून सूचना येते, ‘मागची रांग, लक्ष कुठे आहे?’ मागच्या रांगेचं लक्ष गाण्याकडेच होतं. भोवती उंच इमारती असतील तर भिंतीवरून परतणारा आवाज या गोंधळात आणखी भर घालतो.

यावर उपाय सोपे आहेत. शिकवताना रांगा मोडा आणि गोल करा, ढोल किंवा स्पीकर मध्यभागी ठेवा. दहा मीटर त्रिज्येच्या गोलात सगळ्यांना ठोका एकाच वेळी मिळतो आणि फरक ०.०३ सेकंदाच्या आत राहतो. गोलात कुणी पुढे नसतं, कुणी मागे नसतं, हा दुसरा फायदा. रांगाच हव्या असतील तर मैदानाच्या लांब बाजूच्या मध्यावर आवाज ठेवा, आणि मागच्यांसाठी कुणीतरी उंचावर उभं राहून हाताने ठोका दाखवा. प्रकाशाला उशीर होत नाही.

मोजणीबद्दलही बोलायला हवं. एक-दोन-तीन-चार हा आपला जुना सोबती आहे आणि सुरुवातीला तो लागतोच. पण वर्षानुवर्षं शिक्षकच मोजत राहिले तर मुलं आवाजावर हलतात, तालावर नाही. मोजणी थांबली की कवायत विस्कटते, ती त्यामुळेच. मोजणी हळूहळू मुलांच्या आत जायला हवी. आठ अंक मोठ्याने, पुढचे आठ मनात, पावलं मात्र चालूच. मनातले आठ संपले की पुढच्या ‘एक’ला सगळ्यांनी एकत्र टाळी द्यायची. पहिल्या दिवशी टाळ्यांचा पाऊस पडतो. काही आठवड्यांनी एकच टाळी पडते, आणि तिचा आवाज ऐकून वर्ग स्वतःच ओरडतो. मग सोळा अंक मनात ठेवायचे. मग चालण्याऐवजी चेंडू आपटत. पुढे पाठीला पाठ लावून, एकमेकांना न बघता. या एका खेळात लक्ष, स्मरण आणि संयम यांची जेवढी कसोटी लागते तेवढी मैदानाच्या चार फेऱ्यांत लागत नाही.

ठेका पक्का झाल्यावर हालचालीत काय भरायचं, हा पुढचा प्रश्न. रुडॉल्फ लाबान (१८७९ ते १९५८) यांनी हालचालीकडे बघण्याच्या चार बाजू सांगितल्या: जोर, वेळ, अवकाश आणि प्रवाह. ते नृत्यातले मोठे नाव, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत त्यांनी कामगारांच्या हालचालींचाही अभ्यास केला. या चार बाजू वर्गात फार उपयोगी पडतात. तेच आठ अंक, तेच हात वर-खाली. एकदा जड ओझं ढकलल्यासारखं करा, एकदा पीस उडवल्यासारखं. एकदा सरळ रेषेत, एकदा वळत-वळत. एकदा कुठेही अडवता येईल असं, एकदा न थांबता ओघळत जाणारं. मुलं स्वतःहून पाचवा, सहावा प्रकार काढतात. चार-चार जणांच्या गटांना आठ अंकांची आपापली रचना करायला दिली, तर वर्गातलं सगळ्यात मुखदुर्बळ मूल एखादी अशी हालचाल सुचवतं जी बाकीचे तीन आनंदाने उचलतात. तयार गाण्याच्या तयार पायऱ्या पाठ करून घेताना हे घडायला जागाच नसते.

मुलगे हे करत नाहीत, असं मला सांगितलं जातं. लहान वर्गात सगळेच करतात. बारा-तेरा वर्षांच्या आसपास मुलगे मागे सरतात, आणि बऱ्याचदा ते आपल्या बोलण्यामुळेच सरतात. तालबद्ध जिम्नॅस्टिक्स १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आलं ते फक्त महिलांसाठी, आजही तिथे ते महिलांचंच आहे. पण जपानमध्ये मुलग्यांच्या तालबद्ध जिम्नॅस्टिक्सची स्वतःची परंपरा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगच्या (ब्रेकडान्सच्या) स्पर्धा मुलगे आणि मुली दोघांच्याही झाल्या. मोठ्या वर्गात हातात काहीतरी द्या: चेंडू, दोरी, रिंग, काठी. नजर वस्तूकडे जाते आणि आपल्याकडे कुणी बघतंय ही भीती कमी होते. एकेकट्याला पुढे बोलावून करून दाखवायला सांगू नका. या वयात तो प्रसंग फार खोल जातो, मुलींच्याही बाबतीत.

दिव्यांग मुलं या घटकातून सगळ्यात आधी वगळली जातात. ‘त्याला ऐकू येत नाही, तो ताल कसा धरणार?’ डेम एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादकाची श्रवणशक्ती बारा वर्षांच्या सुमारास जवळजवळ पूर्ण गेली. त्या अनवाणी उभ्या राहून वाजवतात, कारण कंपनं पायांतून, शरीरातून कळतात. शाळेत लाकडी फळ्यांचा मंच असेल तर मोठा ढोल त्यावर टेकवा आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बूट काढून त्यावर उभं करा. सिमेंटच्या फरशीवर हे होत नाही. तिथे मोठा फुगा दोन्ही हातांत धरायला द्या, त्याच्या पातळ आवरणातून ठोके हाताला जाणवतात. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचं पाऊल म्हणजे चाकाला दिलेला झोका. त्याचा ठेका पायाच्या ठेक्यापेक्षा संथ आणि लांब असतो, तेव्हा दोन पावलांना एक झोका असा मेळ घाला. मोठ्या आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला ढोल वाजण्याआधी सांगा, त्याला दूर उभं राहू द्या, किंवा ढोलाची काठी त्याच्याच हातात द्या. स्वतः केलेला आवाज सोसतो.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. रचना किती नेटकी झाली यावर गुण देऊ नका, कारण ती गटातल्या दोघांमुळे नेटकी होते. मूल ठेका किती वेळ धरून ठेवतं, गती बदलली की बदलतं का, स्वतःची एक हालचाल रचतं का, एवढं पाहा. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: चुकल्यावर परत येता येतं का. ताल सगळ्यांचाच सुटतो. सुटल्यावर गडबडून धावाधाव न करता थांबणं, ऐकणं आणि पुढच्या ‘एक’ला आत येणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते शिकवावं लागतं. मी मुद्दाम ढोल मध्येच बंद करून सगळ्यांना चुकवते आणि परत यायचा सराव घेते.

मुख्याध्यापकांनो, तुमची अडचण मला माहीत आहे. तास कमी, मैदान लहान, आणि परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल हवी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या २०१६ पर्यंतच्या माहितीवरून काढलेला आकडा असा, की ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के शाळकरी मुलं या पातळीपेक्षा कमी हालचाल करतात, आणि मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. एका चेंडूच्या तासात चाळीसपैकी किती मुलं खरंच धावतात ते एकदा बाजूला उभं राहून पाहा. दहा-बारा जण खेळतात, बाकीचे कडेला उभे असतात, आणि कडेला उभ्या राहणाऱ्यांत मुली जास्त. तालाच्या दहा मिनिटांत सगळी मुलं एकाच वेळी हलतात. कुणी बाद होत नाही, कुणी रांगेत थांबत नाही. पाऊस असो, ऊन असो, बाकं भिंतीला लावली की वर्गातही हे होतं. खर्च म्हणाल तर एक ढोल, काही दोऱ्या आणि चेंडू. बसून बसून आळसावलेल्या वर्गात गणिताच्या शिक्षकांनीही मध्ये तीन मिनिटं केलं तर मला आनंदच होईल.

वार्षिक कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणत नाही. प्रागमध्ये १८६२ साली सोकोल ही व्यायाम संघटना सुरू झाली. तिचा पहिला मोठा मेळावा १८८२ मध्ये भरला आणि पुढे हजारो माणसं एकत्र हालचाल करणारे असे मेळावे जगभर नावाजले. त्यामागे गावोगावच्या शाखांमधला नियमित सराव होता. शाळेतही तोच क्रम असू द्या. वर्षभर वर्गात मुलांनी ज्या रचना केल्या, त्यातल्याच जोडून कार्यक्रम उभा करा. प्रत्येक वर्गाचे सगळे विद्यार्थी त्यात असतील, कुणाची निवड होणार नाही. दिसायला तो कदाचित कमी चकचकीत असेल. पालकांना मात्र आपलं मूल रंगमंचावर दिसेल, कडेला खुर्च्या लावताना नाही.

आणि सहकाऱ्यांनो, ‘मला स्वतःला नाचता येत नाही, मी काय शिकवणार’ हे तुमच्यापैकी अनेकांनी मला खासगीत सांगितलं आहे. नाचायची गरज नाही. शिट्टी ज्या हाताने वाजवता त्याच हाताने ढोल वाजतो. ठेका स्थिर राहत नसेल तर मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीने टकटक वाजणारं साधन) लावा, लहानांसाठी मिनिटाला १३० च्या आसपास, मोठ्यांसाठी ११० च्या, आणि मुलांचं पाऊल पाहून वर-खाली करा. सुरुवातीचे काही तास गाणं लावू नका; शब्द आले की मुलं शब्दांमागे जातात आणि ठोका हरवतो. जागा पुरेशी ठेवा, फरशी ओली नाही ना ते पाहा, उड्या फार वेळ घेऊ नका. बाकीचं मुलं शिकवतील.

मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाच्या बैठकीत शारीरिक शिक्षण शिक्षकांना बोलवावं, त्यांच्या तासाखाली ‘ताल’ हा शब्द प्रत्येक वर्गासमोर लिहून घ्यावा, आणि पहिल्या सत्रात एकदा तरी तो तास उभं राहून पाहावा. तुमच्या शाळेत तुम्ही हे आधीपासून करत असाल तर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना एका तासाला बोलवा.

आपली,
शारीरिक शिक्षणाची एक शिक्षिका